चार बर्नरची कॉटेज

१० जून २००६, शनिवार
ठरलं. ऑगस्टच्या बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीला यॉर्कशायर डेल्सच्या दऱ्याखोऱ्या. गाडीने, खेड्याखेड्यांतून. मालविका मँचेस्टरच्या हॉस्पिटलात नोकरी धरून बसल्यापासून आम्ही नवरा-बायको मिळून कुठे गेलेलोच नाही. आधी दर शुक्रवारी मेडनहेडला घरी यायची. मग एकाआड एक. ईस्टरनंतर आलेली नाही. ट्रेनचे हाल, दुसरं काय! मोकळ्या हवेत चार दिवस काढले की नोकरी सोडून घरी येईल. सगळं अवलंबून आहे मुक्कामाच्या जागेवर. आणि जागा निवडण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

११ जून
फोन केला. म्हणाली, बघू. म्हणजे हो. साधंसं बी अँड बी बघ, कुणाच्या घरातली एखादी खोली, म्हणाली. सकाळी कुणीतरी आयता नाश्ता पुढ्यात ठेवावा, एवढंच हवंय. मी बरं म्हटलं. उद्यापासून कामाला लागणे.

१७ जून
बी अँड बी बाद. पूर्ण विचार करून. सकाळी बीन्स आणि वातड टोस्ट, दुपारी सँडविच, रात्री पबमधल्या चिप्स. तिसऱ्या दिवशी माणूस वरणभातासाठी रडेल. माणूस म्हणजे मालविका. मी काय, कसाही राहतो. शिवाय परक्याच्या घरात दबक्या आवाजात बोलायचं, फोडणीचं तर नावच काढायचं नाही. छे. सेल्फ-केटरिंग कॉटेज. तिचं स्वतःचं किचन. हवं ते, हवं तेव्हा करता येईल.
एजवेअरच्या मित्राला, सुश्रुतला फोन. तो म्हणाला, अरे, तिने बी अँड बी सांगितलंय ना, मग तेच कर की. सुश्रुतला बायकांच्या मनातलं ओ की ठो कळत नाही.

२ जुलै
मिळाली! डेल्समधलं गाव, दगडी भिंती, मागे ओढा. सहा माणसांची आहे. आम्ही दोघंच, पण चार बर्नर आणि मोठा ओटा असलेली तेवढीच होती. मालविकाच्या सोयीपुढे मी मागचापुढचा विचार करत नाही.

८ जुलै
तिला सांगितलं. चार बर्नर? असं दोनदा म्हणाली. आनंदाने सुचत नसेल. मग विचारलं, बेडरूम किती? म्हटलं, तीन. म्हणाली, मला वेगळी हवी.
माझं घोरणं अजून तिच्या लक्षात आहे. आपुलकीच म्हणायची. आजपासून डाव्या कुशीवर झोपणे.

११ जुलै
मान धरली. आजपासून उताणा.

१२ ऑगस्ट
बांधाबांध सुरू. कुकर, तांदूळ, गोडा मसाला. पोळपाट मावेना म्हणून माझे वॉकिंग बूट घरी ठेवायचं ठरवलं. हा त्याग आपणहून सांगायचा नाही. बोलता बोलता सहज निघू द्यायचा.
मालविकाचा फोन. एकदा समोरासमोर बसून बोलायचंय, म्हणाली, त्यासाठीच येतेय. उत्तम! गाडी रुळावर येतेय.

२६ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळ
तिला स्किप्टन स्टेशनवरून घेतलं. हातात एकच छोटी बॅग. वाळली आहे. चेहरा मात्र तजेलदार. हॉस्पिटलच्या हॉस्टेलवरचं खाऊन कसा काय, कळत नाही.
कॉटेज फोटोतल्यापेक्षा छान. तिचा वेळ वाचावा म्हणून आल्या आल्या कांदे चिरून दिले. म्हटलं, आज साधंच कर, पिठलं-भात. ती किचनच्या दारातच उभी राहिली. आत आली नाही. म्हणाली, अवधूत, हे तू माझ्यासाठी घेतलंस? म्हटलं, मग कुणासाठी?
तिथेच खाली बसून रडली. प्रवासाचा शीण.
मग बॅग उचलली. गावाच्या टोकाला बी अँड बी आहे, तिथे खोली मिळते का बघते, म्हणाली. मिळाली, असा फोन आला. उद्या नाश्ता झाला की बोलू.
पिठलं मी केलं. गुठळ्या. स्मोक अलार्म कोकलत सुटला, स्टुलावर चढून बंद केला. एक रात्र शांत झोप लागली की बरी होईल ती. उद्यासाठी मुद्दे पाठ करणे. पहिला मुद्दा: मेडनहेडमध्येही हॉस्पिटलं आहेत.

२७ ऑगस्ट, रविवार
मालविका घरी येणार नाही. ओढ्याजवळच्या बाकावर बसून शांतपणे म्हणाली. मी विचारलं, या महिन्यात की कधीच? कधीच, म्हणाली. पाठ केलेला एकही मुद्दा आठवला नाही. तिला स्टेशनवर सोडून आलो.
सकाळचं मात्र लिहिलं पाहिजे.
मी तिच्या बी अँड बीवर लवकरच गेलो होतो. वाटलं, दोन घास तिच्याबरोबर खाऊ. बाहेरून खिडकीतून दिसली. एकटीच टेबलाशी. मालकीणबाई, पिकल्या केसांच्या, ताट ठेवून चहा ओतत होत्या. मालविका टोस्टला लोणी लावत होती, अगदी कडेपर्यंत, सावकाश. मग कपाला दोन्ही हात लावून बसली. बाई काहीतरी म्हणाल्या आणि ती हसली.
लग्नाला अकरा वर्षं झाली. सकाळी तिला बसून गरम खाताना मी पाहिलेलं नाही. ती ओट्याशी उभी असायची, माझ्याकडे पाठ करून. माझं झाल्यावर काय खायची, खायची की नाही, मला ठाऊक नाही. फार वाईट वाटलं. इतकं वाईट मला आई गेली तेव्हा वाटलं होतं.
बाई दार उघडून बाहेर आल्या. आत तुमचं कोणी आहे का, म्हणाल्या. तिच्यासमोरची खुर्ची रिकामी आहे, बोलावू का तिला?
मी म्हटलं, नको. तिचं खाऊन होऊ दे.