मौजे कवठाळी येथील बेवारस नसलेल्या वांग्यांबाबत

प्रति,
मा. उपविभागीय पोलीस अधिकारी साहेब,
उपविभागीय कार्यालय, वडजांब, जि. नांदेड

विषय : जप्त केलेली वांगी परत मिळणे व काही देशांत गुन्हे कमी का असतात, याचा खुलासा होणेबाबत.

संदर्भ : वडजांब ठाण्याच्या जमादारांचा तोंडी आदेश, "उचला हे सगळं."

महोदय,

अर्जदार धुरपताबाई आनंदराज गजभारे, रा. मौजे कवठाळी, या भाजी पिकवून विकतात. त्यांचा भाचा सुगत जपानात नोकरीस आहे. त्याने फोनवर सांगितले की, "आत्या, इथं शेतकरी रस्त्याला भाजी मांडून घरी जातेत. लोक डब्यात पैसे टाकून नेतेत. चोरी न्हाई."

सदर बाब अर्जदारांनी चावडीवर सांगितली. सरपंच निवृत्तीराव म्हणाले, तिकडे कायदा कडक आहे. किराणावाले चंद्रप्पा म्हणाले, तिकडे पोटं भरलेली आहेत. अर्जदार म्हणाल्या, "तिथं माणूस माणसाला चोर समजत न्हाई, म्हणून." यावर सगळे हसले. अर्जदारांना त्या हसण्याचा लई राग आला. सबब दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुदखेड रस्त्याच्या फाट्यावर पाटीत वांगी, मिरच्या व लिंबे मांडली, शेजारी डबा ठेवला आणि त्या घरी निघून गेल्या.

त्या दिवशी कोणी जवळ फिरकले नाही. फाट्यावर लिंबू-मिरची पाहून लोकांना तो उतारा वाटला व ते रस्ता सोडून काट्याकुट्यातून गेले. अर्जदार बौद्ध असून करणी-उतारा मानत नाहीत. तथापि जनतेचे पाय लक्षात घेऊन त्यांनी लिंबे काढून घेतली.

मग विक्री सुरू झाली. चोर कोण निघतो हे पाहण्यास सरपंच समोरच्या बाभळीखाली ठाण मांडून बसले. सरपंचच हात मारतील, या संशयाने चंद्रप्पा दुकान बंद करून त्यांच्याशेजारी बसले. या दोघांवर नजर ठेवण्यास अर्धे गाव आले. गावात घरे उघडी होती, तरी कुठे चोरी झाली नाही, कारण ज्यांच्यावर संशय घ्यावा असे सर्व इसम फाट्यावर हजर होते. गुन्हे कमी असण्याचे हे एक कारण असावे काय, ते साहेबांनी तपासावे.

गर्दी पाहून जमादार आले व म्हणाले, "हा डबा कुणाचा?" सरपंच मुद्दाम म्हणाले, "कुणाचाच न्हाई, जपानचा हाय." जमादारांना स्फोटकांचा संशय आला. पाटी, डबा, वांगी बेवारस म्हणून जप्त झाली. अर्जदार धापा टाकत पोहोचल्या व म्हणाल्या, "साहेब, वांगी माझी हायेत." जमादारांनी पुरावा मागितला. वांग्यावर नाव नसते, हे साहेबांस विदित आहेच.

पोलिसांची गाडी माल घेऊन गेल्यावर सरपंच म्हणाले, "बघ बाई, गेलंच की न्हाई?" त्या दिवशी अर्जदारांना भाकर गोड लागली नाही.

ठाण्यात विचारपूस केली असता माल मुद्देमाल खोलीत सुरक्षित असल्याचे सांगण्यात आले. त्याच वेळी मागील बाजूने वांगी भाजल्याचा वास येत होता. अर्जदार कोणावर आरोप करीत नाहीत. त्यांनी चोरीची फिर्याद देऊ केली, तर जमादारांचे मदतनीस म्हणाले, "मावशी, आपल्या हद्दीत चोऱ्या न्हाईत. वर तसं कळवलंय." गुन्हे कमी असण्याचे दुसरे कारण अर्जदारांना तिथे समजले.

परवा सकाळी अर्जदार फाट्यावर गेल्या, तर तिथे नवी पाटी व नवा डबा मांडलेला. सरपंचांनी आपल्या मळ्यातली वांगी आणून ठेवली होती. ते म्हणाले, "आता कोण उचलतंय ते बघतोच," आणि अर्जदारांना घरी पिटाळून बाभळीखाली न बसता आपणही घरी गेले. संध्याकाळी डब्यात पैसे बरोबर होते.

तरी जमादारांना समज द्यावी. वांगी पचली असल्यास किमान पाटी व डबा परत मिळावा, ही विनंती.

माणसांवर अजून भरोसा ठेवणारी,
आपली नम्र,
धुरपताबाई आनंदराज गजभारे
दि. ११ नोव्हेंबर २०२५

सोबत : भाजलेल्या शेंगा, एक पिशवी, तोंड उघडे. साहेबांच्या टेबलापर्यंत नुसती टरफले पोहोचल्यास तपास कार्यालयाच्या दारापासून सुरू करावा.