मुदत आठ दिवस

४ ऑगस्ट
वीस मिनिटं चाललो. दुखणं दहापैकी सहा.
एवढंच लिहायला सांगितलंय फिजिओच्या मॅडमनी. "फारुकभाई, रोज किती चाललात आणि किती दुखलं ते वहीत मांडा." मार्चमध्ये उसाच्या गाडीवर रस्सा आवळताना खाली आलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून घरात. चौदा वर्षं नागेशरावांच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. आता मेहजबीन आठ वाजता कपड्याच्या कंपनीत जाते, अंजुम कॉलेजला जाते, आणि मी जळोचीतल्या ह्या दोन खोल्यांत भिंत धरून येरझाऱ्या घालतो.

५ ऑगस्ट
पंधरा मिनिटं. सहा. कंटाळा मात्र दहापैकी दहा.

७ ऑगस्ट
मेहजबीन कोरा चहा पिते, हे आज कळलं. मला आणि अंजुमला दुधाचा, स्वतःला कोरा. विचारलं तर म्हणाली, "मला तसाच आवडतो." लग्नाला सतरा वर्षं झाली — कधी आवडला नव्हता.

९ ऑगस्ट
किराणा मी आणतो म्हणालो. मेहजबीन माझ्या काठीकडं बघत राहिली, मग यादी दिली.
चौकातला नवा बझार घरापासून बारा मिनिटं. मला एकवीस लागली. बिल पाचशेच्या वर गेलं तेव्हा काउंटरवरच्या संस्कृती नावाच्या पोरीनं बिलासोबत एक कागद दिला. "काका, कूपन. पुढच्या पाचशेच्या खरेदीवर पन्नास कमी. मुदत आठ दिवस."
पन्नास म्हणजे जवळजवळ लिटरभर दूध. येताना कागद शर्टाच्या खिशात दोनदा चाचपला.

१८ ऑगस्ट
मुदत कालच संपली होती. संस्कृती म्हणाली, "काका, मशीनच घेत नाही."
एवढ्या वर्षांत गाडीचं पासिंग, विमा, परमिट, एक तारीख चुकवली नाही. पासिंगची तारीख चुकली तर आरटीओ धरतो. कुपनाची चुकली तर घरी जाऊन बायकोला तोंड दाखवायचं.
गाडीचे कागद ठेवायची प्लास्टिकची पिशवी पेटीतून काढली. आता तिच्यात कुपनं. संपायला आलेलं वर.

२३ ऑगस्ट
दोन कुपनं वापरली, दोन्ही मुदतीत. तेच डोक्यात गेलं आणि फरशी पुसायच्या औषधाच्या सहा बाटल्या घेऊन आलो. तीनवर तीन फुकट होत्या.
मेहजबीननं बाटल्या रांगेत लावल्या. मग खोली बघितली. म्हणाली, "आपली फरशी हाय केवढी?" आणि हसायला लागली. अंजुमपण. मार्चपासून घरात एवढं हसणं झालं नव्हतं. मीही हसलो. गुडघा कळवळला, तरी हसलो.

२६ ऑगस्ट
अर्धा तास. पाच.
बझाराच्या दाराशी बाकडं आहे, तिथं दम खातो. आज वरच्या मजल्यावरच्या सिंधुबाई येऊन टेकल्या. त्या कंपनीतल्या पोरांची खानावळ चालवतात, त्यामुळं त्यांचं बिल मोठं. मोठ्या बिलाला ठरावीक मालाची कुपनं निघतात. हातात चार होती, चारही बाळाच्या डायपरची.
"आता सांगा फारुकभाई, माझ्या खानावळीतली पोरं काय लंगोट बांधत्यात व्हय?"
माझ्याकडं तेलाचं एक जास्तीचं होतं. दिलं. डायपरची मी घेतली. दहा मिनिटांत तान्हं बाळ घेतलेली एक बाई आली. तिला ती दिली, तिनं साबणाची दोन काढून दिली. सिंधुबाई बघतच राहिल्या. "तुमी ड्रायव्हर का दलाल?"

२ सप्टेंबर
पंधरा दिवसांत कुपनांतून जे वाचलं त्यातून दूध वाढवलं. संध्याकाळी मेहजबीन कंपनीतून आली. मी चहा केला, दुधाचा, तिच्यापुढं ठेवला.   कप दोन्ही हातांत धरून सावकाश प्यायली. मग म्हणाली, "आलं जरा जास्त झालंय." आणि अजून मागितला.

११ सप्टेंबर
बाकड्यावर आता पाच-सात जणी असतात. कुणाकडं चहापत्तीचं, कुणाकडं डाळीचं. ज्याची मुदत आधी संपते ते आधी द्यायचं, हा माझा नियम. एका आजींना मशीनची भाषा कळत नव्हती, त्यांचं बिल वाचून दाखवलं. तूरडाळ दोनदा लागली होती. संस्कृतीनं लगेच दुरुस्त केलं.
मग मॅनेजर बाहेर आला. मला वाटलं, झालं, उठवणार. तो म्हणाला, "फारुकभाई, बायका उभ्या राहतात. अजून एक बाकडं टाकू का?"

१२ सप्टेंबर
जुम्म्याच्या नमाजला मशिदीपर्यंत काठीशिवाय गेलो. तीन.

४ ऑक्टोबर
बझाराच्या काचेवर कागद चिकटवलाय. कुपन योजना कालपासून बंद.
पिशवीत नऊ कुपनं होती.  मी घरी येऊन पडून राहिलो. चाललो नाही. पोरासारखं वागणं झालं, पण झालं खरं.

५ ऑक्टोबर
सकाळी सिंधुबाईंनी दार वाजवलं. मागं तिघी-चौघी.
"कूपन गेलं तर गेलं. तुमी बाकड्यावर रोज सांगता, इंदापूरला डाळ कुठं चांगली, गूळ कुणाचा खरा. नुसतं सांगूनच ऱ्हायचं का?"
खरं होतं. चार वर्षं पावसाळ्यात इंदापूरच्या दादासो डाळमिलवाल्यांचा माल वाहिला. गूळवाले ओळखीचे, तांदळाचे ओळखीचे. कुणाचं पोतं ठोक भावात कितीला पडतं ते मला पाठ. कधी स्वतःसाठी विचारलं नव्हतं, एवढंच.
दादासोंना फोन लावला. ते म्हणाले, "अरे फारुक, हाईस का बाबा? पाय कसाय?" भाव नंतर विचारला.

१२ ऑक्टोबर, रविवार
आजचा दिवस नीट लिहितो.
बावीस घरांनी मिळून पैसे काढले. भाड्याचा टेम्पो केला. मी ड्रायव्हरशेजारी बसलो, आणि सगळ्या रस्त्यानं त्याला गिअर शिकवत गेलो. तो बिचारा हो म्हणत होता. दादासोंनी पोती काट्यावर दोनदा टाकून दाखवली, वर चहा पाजला. गूळ मी फोडून, चाखून घेतला.
दुपारी सिंधुबाईंच्या खानावळीत सतरंज्या अंथरल्या. पोती सोडली तेव्हा डाळीचा वास सगळ्या जिन्यात गेला. मेहजबीनला सुट्टी होती. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि मापं घालायला बसली. अंजुम नावं वाचत होती. डब्यांवर डबे. कुणाचं पावभर कमी नाही, कुणाचं जास्त नाही. कुपनात वाचत होतं त्याच्या दुपटीनं वाचलं. बायकांनी आपसात ठरवलं, दर घरानं महिन्याला शंभर रुपये फारुकभाईंना मेहनतीचे द्यायचे. मी नको म्हणालो. सिंधुबाई म्हणाल्या, "मग डाळ परत घ्या."
संध्याकाळी पाय खांबासारखा सुजला. बर्फ लावून बसलो. मेहजबीनच्या केसांत डाळीचा भुसा होता. सांगितलं नाही, बघत बसलो.

१९ ऑक्टोबर
दुसरा फेरा, दिवाळीचा. एकावन्न घरं! रवा, चणाडाळ, मैदा. दिवसभर घरात चालायला वाट नव्हती.

२५ ऑक्टोबर
नागेशरावांचा फोन. सोमेश्वरनगरहून बोलत होते. एक तारखेला उसाचा सीझन लागतोय, गाडी धुऊन तयार आहे. "तुझ्यासाठी सात महिने जागा अडवून ठेवली फारुक." खरं आहे. दुसरा मालक असता तर एप्रिलमध्येच माणूस बदलला असता.
फिजिओच्या मॅडम म्हणाल्या, गाडी चालवता येईल, पण चढउतार बेतानं. उसाच्या गाडीवर बेतानं काय असतं?
तरी गाडीवर पगार ठरलेला. एकावन्न घरांचे शंभर-शंभर त्याच्यापुढं तिसरा हिस्सा. आणि बायका पुढच्या महिन्यात कंटाळल्या तर?

२८ ऑक्टोबर
जिन्यावर चढून-उतरून बघितलं. बारा वेळा. चार. जमेल.
अंजुम अभ्यास करता करता म्हणाली, "अब्बा, थंडीत तुम्ही घरी असलेले मला आठवतच नाहीत." सहज म्हणाली. परत पुस्तकात गेली.
मेहजबीनला विचारलं, काय करू? ती भाकरी थापत होती. "तुमच्या पायाचं तुमाला ठाऊक." एवढंच.

३० ऑक्टोबर
मेहजबीननं माझे गाडीवरचे कपडे ट्रंकेतून काढले. धुतले, वाळत घातले, शर्टाचं तुटलेलं बटण लावलं. म्हणजे उत्तर मिळालं. तिचंही बरोबर आहे. अंजुमची बारावी येईल, क्लास लागेल. ठरलेला पगार तो ठरलेला.
सिंधुबाईंना सांगायला वर गेलो आणि तसाच परत आलो.

१ नोव्हेंबर
नागेशराव स्वतः न्यायला आले. खाली गाडी सुरूच होती. मी धुतलेला शर्ट घालून तयार, एक चप्पल पायात, दुसरी शोधत होतो. मेहजबीन आज कामावर गेलीच नव्हती. ती माझ्या पुढं दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, "मालक, तुमचे उपकार हायत. कापडं धुतली खरी, पण हे येणार न्हाईत. ह्यांना हितं काम हाय."
मी चप्पल काढली.