लाल पट्टे गेले, भावोजी!

ती. भावोजींना, घाबरलेल्या मेहुण्याचे नेहमीपेक्षा दोन जास्त नमस्कार.

टाके सुकत आले असतील, अशी आशा आहे. पत्र आडवं पडूनच वाचा (उठलात तर ताईला जवळ बसवा). फोन करायची छाती झाली नाही, म्हणून तिच्याच हाती पाठवतोय. मी बरा आहे, म्हणजे जिवंत आहे. पोटात गोळा आलाय, पण त्याला ऑपरेशन लागत नाही म्हणतात.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून मला ऑफिसात घेतलं, हे मी विसरलेलो नाही. साहेब विसरू देत नाहीत. तुम्ही रजेवर गेलात आणि ते म्हणाले, दवाखान्यात नंबर लावायच्या प्रोग्राममध्ये तुम्हा दोघांनी एकाच फाइलीत बदल केलेत, ते आता तू जुळव. नुसत्या अक्षरांकडे बघून माझी भंबेरी उडायची, म्हणून दोन्ही बाजू शेजारी-शेजारी दाखवणारं टूल बसवायला घेतलं. ते कॉम्प्युटरात कुठे आहे, हे व्हर्जन कंट्रोलला, म्हणजे आपल्या फाइलींच्या जुन्या-नव्या सगळ्या प्रती सांभाळणाऱ्या मशीनला, सांगावं लागतं. मी सांगितला तो चित्रं काढायच्या प्रोग्रामचा पत्ता. जुळवायला गेलो तर समोर कोरा कागद आणि ब्रश! हातपाय गार पडले. चूक सुधारल्यावर खरं टूल उघडलं, आणि मग तर पाचावर धारण बसली. डावीकडे माझं काम, उजवीकडे तुमचं, मध्ये दोघांचं मिळून, आणि जिकडेतिकडे लाल पट्टे. एवढं लाल मी फक्त माझ्या गणिताच्या पेपरावर पाहिलं होतं. वर एक बाण होता, तो दाबला. लाल गेलं, भावोजी, एका फटक्यात गेलं! त्याबरोबर तुमचं महिन्याभराचं कामही गेलं, हे नंतर कळलं.

तेवढ्यात मशीनने विचारलं, जुळवणी नीट झाली का? आता, आमच्या घरी कोणी दरडावून "कळलं का?" असं विचारलं की नाही म्हणायची पद्धत नाही (ताईला विचारा). मी हो म्हटलं आणि पुढे पाठवून दिलं. सकाळपासून दवाखान्यात येईल त्याला पहिलाच नंबर मिळतोय. दारात हमरीतुमरी चाललीय, आणि हे कोणी केलं ते साहेब शोधतायत. नोकरी जाईल ही भीती आहेच, पण तुम्हाला तोंड कसं दाखवू, ही त्याहून मोठी. खरंच रडू येतंय.

तुमचा (अजून तरी) मेहुणा

ता. क. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, रडू नकोस, व्हर्जन कंट्रोलमधून काहीच पुसलं जात नाही. तुमचं काम त्या जसंच्या तसं परत आणतायत. जीव भांड्यात पडला.

आणखी एक ता. क. काहीच पुसलं जात नाही, म्हणजे कोणी काय केलं तेही नाही, असं त्या आता सांगतायत. पुढे पाठवताना मशीन दोन शब्द लिहायला लावतं. मी भीतीपोटी लिहिलं होतं, "भावोजींना विचारून केलं." साहेबांचा तुम्हाला फोन येईल. टाके फार दुखत नसतील तर जरा आठवून पाहा, भावोजी, मी तुम्हाला विचारलं होतं ना?