खालची बाजू

गुरुवार, १९ तारीख
दुपार, जेवणाची सुट्टी

ती. दादास,

नमस्कार. इथे सगळं ठीक. वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा रेडिओ अजून त्याच आवाजात चालू आहे, त्यामुळे बातम्या मला फुकटात कळतात. वहिनीला सांग, तिने विणलेला स्वेटर अजून होतो, पोटाकडे जरा कुरकुरतो एवढंच. शोरूममध्ये सध्या सोफ्यांचे दिवस आहेत. लोक येतात, ऐसपैस बसतात, "विचार करून सांगतो" म्हणतात आणि पाय दुखायचे थांबले की निघून जातात.

पत्र लिहिण्यास कारण की... कारण जरा थांब. अकरा महिने थांबलायस, आणखी एक पान थांब.

फोनवर बोलायचं की, म्हणशील. चार वेळा प्रयत्न केला. तू फोन घेतोस आणि म्हणतोस, "बोला." दादा, ज्याने माझं नाक पुसून मला शाळेत सोडलं तो माणूस मला 'बोला' म्हणाला की पुढचे शब्दच सुचत नाहीत. मग मी आईच्या गोळ्यांचं विचारतो, तू "हो, दिल्या" म्हणतोस, आणि झालं. मला तू परत 'अरे-तुरे' करायला हवायस. दुसरं काही मागायला हे पत्र नाही.

बातमी अशी की मॅडमनी गेल्या महिन्यापासून रविवारचा नवशिक्यांचा टँगो नाचाचा वर्ग माझ्याकडे दिलाय. हसू नकोस. बारा जोड्या आहेत. त्यांत व्यायामशाळेतला एक पैलवान आहे. तो जोडीदारणीला असा नेतो, जसं काही अडकलेलं दार खांद्याने उघडतोय. मॅडम कोपऱ्यातून दर दोन मिनिटांनी ओरडतात, "एनर्जी कुठाय? एनर्जी!" ते ऐकून पैलवान आणखी ढकलतो. गेल्या रविवारी त्या वैतागल्या आणि मला म्हणाल्या, "अरे, तूच सांग बाबा यांना, एनर्जी म्हणजे काय."

मी सांगितलं. म्हटलं, "जोर म्हणजे एनर्जी नाही. जोराने नुसते ओरखडे पडतात. ढकलू नका, सांगा. तुम्ही निघणार आहात हे तुमचा पाय उचलायच्या आधी समोरच्याला कळलं पाहिजे. आणि थांबलात तरी पट्टा सैल सोडायचा नाही. उभं असतानाच तर तो जास्त जपायचा."

पैलवानाने डोळे मिटले आणि न ढकलता एक पाऊल टाकलं. त्याची जोडीदारीण म्हणजे एक दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या चक्क हसल्या. "अगं बाई, आज पहिल्यांदा कळलं हा कुठे चाललाय ते!" मग मला म्हणाल्या, "किती छान सांगितलंत. हे कुठे शिकलात?"

तुला ओळखीचं वाटलं ना? वाटणारच. शब्दन्‌शब्द तुझा आहे. टँगोत कुठला आलाय पट्टा! तो आपल्या कपाटं उचलायच्या कामातला.

मी त्यांना काय उत्तर दिलं ते खाली लिहितो. आधी त्या आरशाच्या कपाटाबद्दल लिहू दे.

आठवतं ना? मॅडमच्या हॉलमधलं कपाट, दोन्ही दारांना उभे आरसे, तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायचं, आणि जिना असा की रिकाम्या हातानेही माणसाने अंग चोरून उतरावं. तू नेहमीप्रमाणे खालच्या बाजूला. "वजन खाली येतं, म्हणून खाली मी. तू बघ आणि सांग." तीन मजले तू उलट्या पावलांनी उतरलास, एकदाही मागे न बघता. आपल्या कामाचा नियमच तसा. "उचलू?" मी विचारणार, आणि तू "उचल" म्हणाल्याशिवाय बोट हलवायचं नाही. "टेकवू?" न विचारता सोडलं तर सगळं खालच्याच्या छातीवर जातं, हे तू मला पहिल्याच दिवशी कान धरून शिकवलं होतंस.

आरशाला चरासुद्धा गेला नाही. मॅडम वरून बघत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही दोघे भाऊ रविवारी माझ्या वर्गाला या." तू लाजून नुसता टोपीशी खेळत राहिलास. पण गेलो आपण. आणि पहिल्याच तासाला तू माझ्या कानात म्हणालास, "बारक्या, हे तर कपाटच आहे रे! फक्त मधलं कपाट काढून घेतलंय."

पुढे मी शोरूममध्ये लागलो, तुला रविवारीही कामं यायला लागली आणि तुझा वर्ग सुटला. माझा सुटू नये म्हणून तू चार वर्षं घरी, कामाच्या खोक्यांमधल्या वाटेत, माझ्यासमोर उलटा चालत राहिलास. मला पुढे नेणारा व्हायचं होतं ना, म्हणून तू बाईची पावलं शिकलास. वहिनी दारात उभी राहून म्हणायची, "माझ्याबरोबर कधी इतकं जपून चालला नाहीत हो!" किती हसायचो आपण.

आता तो रविवार. लिहितोच, नाहीतर सुट्टी संपेल आणि पुन्हा राहून जाईल.

मॅडमना मदतनीस निवडायचा होता. तुला मीच बोलावलं. "दादा, ये ना, तुझ्याबरोबर माझं चालणं चांगलं दिसतं." तू कामावरून तसाच आलास. पायांत कामाचे बूट, बाहीला खोक्यांची चिकटपट्टी. चार गाण्यांचा एक फेरा असतो, तो एकाच जोडीदाराबरोबर पुरा करायचा आणि शेवटी त्याला खुर्चीपर्यंत सोडून यायचं, ही तिथली रीत तुलाही ठाऊक होती. पहिली दोन गाणी काय चाललो रे आपण! मी नुसता श्वास घेत होतो आणि तू निघत होतास. दुसऱ्या गाण्यात एका जागी आपण थांबलो, वाजवणारेही जरा थांबले, कुणीच हललं नाही, आणि मला तुझ्या दोन्ही टाचा जमिनीला भिडलेल्या माझ्या तळव्यांत कळत होत्या. एनर्जी म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. पुढच्या क्षणी मी माती खाल्ली.

गाणं संपलं. डॉक्टरीणबाई त्या दिवशी पहिल्यांदाच आल्या होत्या. जवळ येऊन म्हणाल्या, "वा! हे कोण तुमचे?"

मला तुझ्या बाहीवरची चिकटपट्टी दिसली. मी म्हणालो, "आमच्या शोरूमचा माल पोचवतात." आणि तुझा हात सोडला.

खोटं कुठे बोललो? पोचवतोसच तू आमचा माल. अकरा महिने हेच मी स्वतःला ऐकवतोय. पण 'भाऊ' हा एवढासा शब्द, तो तोंडात होता आणि मी गिळला. हॉलच्या मधोमध, दोन गाणी बाकी असताना, टेकवू का असं न विचारता मी तुला सोडलं.

वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. तू दोन पावलं मागे सरकलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "येतो साहेब." माझं बोलणं उघडं पडू नये म्हणून! इतकं करूनही खालची बाजू तूच धरलीस. आणि मी मान डोलावली, साहेबासारखी.

ती जागा मला मिळाली.

तर गेल्या रविवारी त्याच बाईंनी विचारलं, हे कुठे शिकलात, आणि मी म्हणालो, "आपोआप सुचलं." टाळ्या वाजल्या, दादा. पैलवानाने वहीत लिहून घेतलं. घरी आलो आणि आरशात बघायची लाज वाटली म्हणून दाढीही केली नाही. सोमवारी तसाच मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तुझ्या बुटांची मला लाज वाटली, हेही सांगितलं.

त्या बूट बदलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी तिथेच होते की. तो तुझा भाऊ आहे हे मला माहीत नव्हतं?"

"मग तरी मला का घेतलंत?"

"चाल चांगली होती म्हणून. माणूस निवडायचा असता तर त्यालाच घेतलं असतं." मग नाडी बांधून म्हणाल्या, "आणि हे मला काय सांगतोस? ज्यांच्यासमोर हात सोडलास त्यांच्यासमोर सांग."

सांगणार आहे. येत्या रविवारी, चार वाजता, वर्ग सुरू व्हायच्या आधी. तू आलास तरी सांगणार, नाही आलास तरी सांगणार. तू यावंस म्हणून हे करत नाहीये. पण तू यावंस असं मला फार वाटतंय.

आलास तर कामाच्याच कपड्यांत ये. त्या फेऱ्यातली दोन गाणी अजून बाकी आहेत. या वेळी तू पुढे चाल, उलटा मी चालेन. मला ती पावलं धड येत नाहीत, चार वर्षं तू मला तिकडून कधी चालूच दिलं नाहीस. मी अडखळेन, लोक हसतील. हसू देत. खालची बाजू माझी.

माफी मागायला तोंड नाही, म्हणून जे तू शिकवलंस तेच विचारतो. तू हो म्हणेपर्यंत बोट हलवणार नाही.

दादा, उचलू?

तुझा सख्खा भाऊ,
बारक्या