कपाटातली एक शाल

दीपकचे बाबा,

सातच्या एसटीनं संमेलनासाठी जळगाव जामोदले चालली. तुम्ही झोपेचं सोंग घेऊन पडले होते, म्हणून उठवलं नाही. भाकरी टोपल्यात हायेत, पिठलं झाकून ठेवलं हाय. बीपीची गोळी घ्या.

तुमच्या सत्काराच्या शालींतली एक नेली हाय, ती राखाडी. कपाट उचकत बसू नका.

यंदा पत्रिकेत कथाकथनाले माहं नाव आलं अन् कवींमधी तुमचं नाही आलं, तेव्हापासून तुम्ही माह्याशी धड बोलले नाही. माही गोष्ट तुमाले वाचून दाखवाची राहिली, याचंच वाईट वाटून राह्यलं.

एक सांगा, तीस वर्षं तुम्ही जिथं जिथं कविता वाचली, तिथं माहं नाव कोणत्या पत्रिकेत होतं? तरी पहिल्या रांगेत बसून सगळ्यात आधी टाळी मीच वाजवत होती ना?

माहं कथाकथन तीन वाजता हाय. बाराची एसटी पकडा, दाढी करून या.

अन् शाल थंडीसाठी नाही नेली. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर टाकून तुमची जागा धरून ठेवते.

प्रमिला