‘उद्या’ एवढेच बोलता येणाऱ्या ग्राहकाचा फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमकार्डासाठी खुला करण्याबाबत

प्रति,
माननीय तक्रार निवारण अधिकारी,
मोबाईल सेवा ग्राहक तक्रार कक्ष,
दुसरा मजला (लिफ्ट चालू आहे, खुलासा परिच्छेद ७ मध्ये).

विषय : कंपनीने कुलूपबंद केलेला मोबाईल फोन अन्य कंपनीच्या सिमकार्डासाठी खुला करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, सर्व परत आलेले.
२) आपल्या कक्षाचे पत्र, ज्यात ‘ग्राहकाचा होकार प्रलंबित’ एवढेच नमूद आहे.

महोदय,

मागील अर्ज ‘मी’ असा लिहिला होता. त्यावर ‘फोन ज्यांच्या नावे आहे त्या आपण नाही, तरी मी म्हणजे कोण याचा खुलासा व्हावा’ असा शेरा येऊन तो परत आला. सबब या अर्जात मी कुठेच नाही. लिफ्ट दुरुस्त करणारा इसम तो अर्जदार आणि त्याची बायको ती ग्राहक, असे धरून पुढील मजकूर वाचावा. शेवटपर्यंत वाचावा, एवढीच पहिली विनंती.

१. ग्राहक ही बायकांचे कपडे शिवत असे. राहत्या घरीच, खिडकीशी मशीन मांडून. हात सफाईदार, जीभ त्याहून. कपडा ठरल्या दिवशी देणारा शिंपी अजून जन्माला यायचा आहे हे आपणही अनुभवाने जाणत असाल. ग्राहकही त्याला अपवाद नव्हती. दारात गिऱ्हाईक दिसले की तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे लांबण न लावता ती मानही वर न करता ‘उद्या’ एवढेच म्हणे. वर्षानुवर्षे म्हटले. जिना उतरताना बायका कुरकुरत, पण दुसऱ्या दिवशी येत, कारण तिच्यासारखी बाही कोणी बसवत नसे.

२. गेल्या पावसाळ्याआधी ग्राहकास अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय फरफटू लागला आणि वाचा गेली. सगळी गेली असे मात्र नाही. एक शब्द राहिला. तो कोणता, हे महोदयांनी ओळखले असेलच. डॉक्टर म्हणाले, असे होते, जिभेला सर्वांत जास्त सवय असलेले काहीतरी मागे उरते. भूक लागली तरी ‘उद्या’, पंखा बंद कर हेही ‘उद्या’, आणि अर्जदार चहात साखर घालायला विसरला की तेही ‘उद्या’, फक्त जरा वरच्या पट्टीत. अर्जदारास आता स्वरावरून बरेचसे कळते. परक्यास कळणार नाही, यात परक्याचा दोष नाही.

३. विषयातील फोन ग्राहकाने आजारापूर्वी स्वतः घासाघीस करून घेतला होता. फोन स्वस्तात, मात्र सिम आमच्याच कंपनीचे चालेल, अशी ती योजना होती. ‘पावती माझ्या नावावर करा, यांच्या नावावर काही ठेवलं की ते हरवतं,’ असे ग्राहकाने दुकानदारास बजावले होते. त्या ठसक्याची किंमत आज मोजावी लागत आहे. योजनेची मुदत उलटून गेली असून कंपनीचे काही देणे नाही. तशी कंपनीचीच चिठ्ठी सोबत जोडली आहे.

४. आजारानंतर वाचा शिकवणाऱ्या बाई घरी येऊ लागल्या. त्यांनी या फोनच्या पडद्यावर मोठमोठी चित्रे बसवून दिली. पाण्याचा पेला, न्हाणीघर, दुखतंय, आणि खालच्या कोपऱ्यात अर्जदाराचा फोटो. फोटोवर बोट ठेवले की अर्जदाराचा फोन वाजतो. ऐकायला सोपे वाटते. परंतु फोटोवर बोट ठेवायला शिकण्यास ग्राहकास अख्खा हिवाळा लागला. पाणी हवे असता न्हाणीघर दाबले जाई, मग ती स्वतःच्याच डाव्या हातावर रागावून त्याला चापट मारी. ज्या दुपारी पहिल्यांदा अर्जदाराचा फोन तिच्याकडून वाजला, तेव्हा तो एका इमारतीत लिफ्टच्या छतावर उभा राहून दोर तपासत होता. पलीकडून ‘उद्या’ ऐकू येताच तो असा काही ओरडला की खालच्या लोकांना वाटले माणूस पडला. महोदय, अर्जदार त्या दिवशी लिफ्टच्या छतावर बसून रडला. हे अर्जात लिहिण्यासारखे नाही, तरी खरे आहे.

५. त्यानंतर अर्जदार पुन्हा निश्चिंतपणे कामावर जाऊ लागला. हे सुख फार टिकले नाही. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कंपनीचा टॉवर होता. तेथील रहिवाशांचे आणि कंपनीचे बिनसले, टॉवर उतरवला गेला, आणि अर्जदाराच्या घरातून कंपनीचे नेटवर्क पार नाहीसे झाले. दुसऱ्या कंपनीचे मात्र भरपूर आहे, अर्जदाराच्या स्वतःच्या फोनवर तेच आहे. भांडण दोघांचे, आवाज गेला तिसरीचा. एके दिवशी अर्जदार कामावरून परतला तर ग्राहक स्वयंपाकघराच्या जमिनीवर पडलेली होती. सकाळीच घसरली असावी. फोन डाव्या हातात होता आणि अंगठा फोटोवर. किती वेळा दाबले असेल देव जाणे. अर्जदाराला पाहूनही तिचा अंगठा फोटो दाबतच राहिला. तेव्हापासून तो अर्धाच दिवस काम करतो आणि त्या अर्ध्या दिवसातही त्याचे लक्ष दोरावर नसते. त्याच्या धंद्यात हे चांगले नव्हे.

६. दुसरा फोन का घेत नाही, असे आपल्या कक्षाने विचारले होते. घेतला. तीच चित्रे त्यावर बसवून घेतली. पण पडदा लहान, चित्रे जराशी सरकलेली; ग्राहकाचे बोट जुन्या जागी जाते आणि भलतेच काही दाबले जाते. तिने तो फोन उचलून उशीखाली ठेवला आणि वर बसली. बाई म्हणाल्या, नव्याने शिकवायचे तर पुन्हा पहिल्यापासून, आणि या वेळी जमेलच याची खात्री नाही. बाजारातील फोन दुरुस्तीवाल्याकडेही अर्जदार गेला. तो म्हणाला, ‘काका, कुलूप काढून देतो, पण आतलं सगळं पुसलं जाऊ शकतं, मग माझ्या नावानं बोंब मारू नका.’ अर्जदार फोन छातीशी धरून परत आला. तात्पर्य, दुसऱ्या कंपनीचे सिम याच फोनमध्ये चालले पाहिजे, आणि कुलूप कंपनीने स्वतःच्या हाताने काढले पाहिजे. त्यासाठी एक आकडा लागतो. तो कंपनीकडे आहे.

७. हा आकडा देण्यापूर्वी ग्राहकाचा होकार घेण्याचा नियम आहे, आणि तो होकार ग्राहकाने त्याच फोनवरून, स्वतःच्या तोंडाने द्यायचा आहे. घरात नेटवर्क नाही म्हणून अर्जदार ग्राहकास लिफ्टने वर नेऊन पुढचा जिना उचलून गच्चीवर नेतो. तेथे पाण्याच्या टाकीमागे कंपनीचे नेटवर्क कसेबसे लागते. ठरल्या वेळी एका मुलीचा फोन येतो. आवाज गोड आहे, तक्रार नाही. ती विचारते, ‘मॅडम, फोन खुला करायला तुमची संमती आहे का? हो किंवा नाही सांगा.’ ग्राहक सगळा जीव गोळा करून, मान हलवत सांगते, ‘उद्या.’ मुलगी म्हणते, ‘काही हरकत नाही मॅडम, उद्या फोन करते.’ आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच करते. एवढी वक्तशीर सेवा अर्जदाराने जन्मात पाहिली नाही. ग्राहक ‘हो’ म्हणते आहे हे तिच्या मानेवरून, डोळ्यांवरून, अर्जदाराची बाही ओढण्यावरून कोणासही दिसेल. पण फोनला डोळे नाहीत. एकदा न राहवून अर्जदार मागून ओरडला, ‘अहो ती हो म्हणतेय हो!’ त्यावर ‘तिसऱ्या व्यक्तीचा दबाव’ असा शेरा पडून प्रकरण पहिल्यापासून सुरू करावे लागले. महोदय, लग्न होऊन इतकी वर्षे झाली, अर्जदाराचा दबाव ग्राहकावर आजवर एकदाही चाललेला नाही. शेजारपाजारच्यांना विचारावे.

ग्राहकास आपण स्वतः डोळ्यांनी पाहावे म्हणून अर्जदार तिला आपल्या कक्षात घेऊन आला, तर इमारतीची लिफ्ट बंद. शिपाई म्हणाला, ती बरेच दिवस बंदच आहे. अर्जदाराने पिशवीतून पाना काढला, दाराचा एक खटका नीट केला आणि लिफ्ट चालू झाली. ग्राहक वर आली. बाकावर बसून राहिली. संध्याकाळी आपल्या कक्षातील कारकून म्हणाले, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत काका, उद्या या.’ ग्राहकाने चमकून त्यांच्याकडे पाहिले आणि हसली. आजारानंतर प्रथमच असे मोकळे हसली. तिला वाटले असावे, यांनाही तेच झाले आहे. अर्जदाराने तिचा गैरसमज दूर केला नाही. त्यानंतर ‘परवानगीविना परक्याचे यंत्र उघडल्याबद्दल’ अर्जदारास आपल्याच कार्यालयाकडून नोटीस आली आहे. तिचे उत्तर स्वतंत्रपणे देण्यात येईल. लिफ्ट मात्र चालू ठेवावी.

८. आता ज्यासाठी हा अर्ज घाईने लिहिला ते. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी पूर्वीच सावध केले होते की, जे चित्र दाबून काही घडत नाही ते चित्र ग्राहक सोडून देईल. पाणी दाबले की पाणी मिळते, म्हणून पाणी टिकले आहे. अर्जदाराचा फोटो दाबून बरेच दिवस कोणी आलेले नाही. काल बाईंनी नेहमीप्रमाणे चित्रे विचारली. पेला दाखवला. न्हाणीघर दाखवले. मग अर्जदाराच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारले, ‘आणि हे कोण? यांना कसं बोलवाल?’ ग्राहकाचे बोट पडद्यावर फिरले, फोटोवरून गेले, थांबले नाही, आणि पेल्यावर जाऊन टेकले. अर्जदाराने उठून पाणी आणून दिले. तिने ते घेतले नाही. ती त्याच्याकडे पाहत राहिली, आपले काहीतरी ठेवलेले सापडत नाही तशी.

बाई म्हणाल्या, अजून पुसले गेलेले नाही, पण फार दिवस नाहीत.

सबब नम्र विनंती अशी की, ग्राहकाचा होकार तिच्या मानेवरून, डाव्या हाताच्या अंगठ्यावरून किंवा आपणास योग्य वाटेल अशा कोणत्याही खुणेवरून घेण्यात यावा. ते नियमात बसत नसल्यास आपण किंवा त्या गोड आवाजाच्या मुलीने एकदा घरी येऊन ग्राहकासमोर बसावे. घर पाचव्या मजल्यावर आहे, लिफ्ट उत्तम चालते. हेही जमण्यासारखे नसल्यास होकाराच्या रकान्यात ‘हो’ च्या जागी ‘उद्या’ हा शब्द या एका ग्राहकापुरता ग्राह्य धरावा. ती आयुष्यभर बायकांना ‘उद्या’ म्हणत आली आणि त्या दुसऱ्या दिवशी विश्वासाने येत राहिल्या. ते कपडे नंतर शिवून झाले, एवढे लक्षात घ्यावे. हा कपडा उसवत चालला आहे आणि अर्जदारास शिवता येत नाही. त्याला फक्त लिफ्ट येते.

या अर्जाचा निकाल काहीही लागो, तो उद्यावर जाऊ नये.

आपल्या दारी ताटकळलेला,

(सही)
लिफ्ट दुरुस्त करणारा, ग्राहकाचा नवरा

(ग्राहकाचा डाव्या हाताचा अंगठा. शेजारची रेघ सहीचा प्रयत्न आहे.)

दिनांक : आजचा

सोबत :
१) फोनच्या खरेदीची पावती, ग्राहकाच्या नावे.
२) देणे नसल्याबद्दल कंपनीची चिठ्ठी.
३) ग्राहकास बोलता येत नसल्याचा डॉक्टरांचा दाखला. यावर आपल्या कक्षाने ‘ग्राहकाने फोनवर दुजोरा द्यावा’ असे लिहिले आहे.
४) अर्जदाराचा फोटो, पडद्यावर आहे तोच. कोणी घरी आलेच, तर ग्राहकास हा दाखवून हे कोण असे एकदा विचारावे. अर्जदार त्या वेळी बाहेर थांबेल.