टपालविमानाची चाकं

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने विमानांच्या लहान प्रतिकृती घडवणारी, वय वर्षे एकाहत्तर, राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते की, माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघ्यांची हमी देत नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही; मरायला सवड नव्हती.

१. राहतं घर व बँकेत जे असेल ते भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला. माळ्यावरचं सामान तिने न बघता फेकू नये. बघून फेकावं. चुलतभावाला काही नाही. "खेळणी करून पोट भरतं का?" असं त्याने मला चारचौघांत विचारलं होतं. भरलं, एवढं त्याला कळवावं.

२. हत्यारं शेजारच्या फोटोफ्रेमवाल्याला. माझ्या पटाशीने त्याने रंगाचे डबे उघडू नयेत.

३. विमानतळावर, प्रस्थानाच्या दालनात, विमानांचा इतिहास सांगणारं काचेचं कपाट आहे. त्यातल्या प्रतिकृती माझ्या व धाकट्या भावाच्या आहेत. विमानतळाला फक्त दाखवायला दिल्यात. लाकूडकाम माझं, रंग आणि बिजागऱ्या त्याच्या. माझा हिस्सा व माझ्याकडची किल्ली त्याला द्यावी. आम्ही बोलत नाही, म्हणून कारण लिहिणं भाग आहे.

त्यातलं टपालविमान तारेवर टांगलंय. उडत्या विमानाची चाकं पोटात असतात, म्हणून मी ती वर केली. तो म्हणाला, "ताई, ते उतरतंय."

"टपाल घेऊन निघालंय ते."

"निघालेलं कुठंतरी उतरतंच ना?"

शब्दाने शब्द वाढला आणि बोलणं बंद झालं. तेव्हापासून कपाट पुसायला मी बुधवारी जाते, तो शनिवारी. मी चाकं वर करते, तो खाली करतो. चाकं खाली दिसली की मला कळायचं, स्वारी ठणठणीत आहे.

गेल्या बुधवारी चाकं वरच होती. पहारेकऱ्याला विचारलं.

"आले होते की, बाई. सगळं पुसलं. त्या एका विमानाला तेवढा हात लावला नाही. म्हणाले, असू दे ताईचंच खरं."

इतकी वर्षं भांडून जिंकले आणि मला मुळीच बरं वाटलं नाही. तो थकला, या विचाराने मी तिथल्या बाकावर बसून रडले. मग चाकं माझ्या हाताने खाली केली आणि घरी आले.

४. साक्षीला मला भाऊच हवा होता. ज्याला मिळायचं त्याची साक्ष चालत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून याची एक प्रत त्याला आजच पाठवत आहे. चाकं वर ठेवायची की खाली, हे त्याने इथे येऊन, माझ्यासमोर बसून, वाद घालून ठरवावं. बाकीची कलमं माझ्या पश्चात. हे कलम आजपासून लागू.

साक्षीदार:
१. वकीलबाई (सही)
२. दालनाचा पहारेकरी (सही)

लिहून ठेवणार: ताई (सही)

ठिकाण: माझी कामाची खोली
दिनांक: ७ नोव्हेंबर २०२५